दिसतं, पण ओळखू येत नाही

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, खेड्यातली एखादी बाई दवाखान्यात जाते आणि सांगते की अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, संबंधानंतर रक्त दिसतं. नर्स तिचं ऐकून घेते आणि गुप्तरोगावरच्या गोळ्या देते. प्रयोगशाळा जवळ नसेल तिथे लक्षणांवरूनच औषध द्यायचं अशी पद्धत ठरलेली आहे, त्यामुळे नर्सला दोष देता येत नाही. गोळ्या संपतात, त्रास तसाच राहतो. बाई पुन्हा येते, पुन्हा त्याच गोळ्या घेऊन जाते. तोवर घरात संशय शिरलेला असतो, कारण गुप्तरोग म्हटला की तो बाईनेच कुठून तरी आणला असं धरलं जातं. त्यात मूलबाळ होत नसेल तर मग तिच्या हालांना पारावार नाही.

अशा कित्येक बायकांचा आजार शरीरसंबंधातून आलेला नसतोच. तो आलेला असतो ओढ्याच्या पाण्यातून, आणि तोही त्या लहान असताना. पाणी भरताना, कपडे धुताना, उन्हाळ्यात डुंबताना. या आजाराला बिल्हार्झिया किंवा शिस्टोसोमियासिस म्हणतात आणि तो स्त्रीच्या जननमार्गात पसरला की त्याचं रूप वेगळंच होतं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे 5 कोटी 60 लाख मुली आणि स्त्रियांना तो असावा, असा संयुक्त राष्ट्रांच्या आरोग्यसंस्थांचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संख्येचा आजार शतकाहून अधिक काळ दुर्लक्षित राहिला, याला बरीचशी कारणं माणसांची आहेत. पण एक कारण खरोखरच अवघड आहे: हा आजार डोळ्यांना दिसतो, आणि तरीही ओळखू येत नाही. संगणकाकडून छायाचित्रं तपासून घ्यायची कल्पना इथेच पुढे आली.

आधी या परजीवीची ओळख करून घ्यायला हवी. शिस्टोसोमा हिमॅटोबियम हा चपट्या कृमींच्या कुळातला प्राणी. रोग्याच्या लघवीतून त्याची अंडी गोड्या पाण्यात पडतात, फुटतात, आणि बाहेर आलेली अळी बुलिनस जातीच्या गोगलगायीत शिरते. काही आठवडे तिथे वाढून दुभंगलेल्या शेपटीच्या असंख्य अळ्या पुन्हा पाण्यात उतरतात. पाण्यात पाय बुडवलेल्या माणसाची त्वचा त्या काही मिनिटांत भेदतात. जखम होत नाही. फार तर थोडी खाज सुटते. मग फुप्फुस, यकृत असा प्रवास करत त्या मूत्राशयाभोवतीच्या शिरांत मुक्काम ठोकतात. नर सुमारे सेंटिमीटरभर लांबीचा असतो, त्याच्या अंगावर एक पन्हळ असते आणि मादी त्या पन्हळीत राहून वर्षानुवर्षं अंडी घालते.

खरं नुकसान करतात ती ही अंडी. अंडं मिलिमीटरच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढं, लांबोळकं, आणि त्याच्या एका टोकाला काटा. त्यातली बरीचशी अंडी मूत्राशयाची भिंत भेदून लघवीत उतरतात, आणि लघवीत रक्त दिसतं ते यामुळेच. उरलेली मांसात अडकतात. शरीर त्यांना परकं मानून भोवती पेशींचा गराडा घालतं, आणि सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते. स्त्रीच्या शरीरात मूत्राशयाभोवतीच्या शिरा आणि गर्भाशय, योनिमार्ग यांच्या शिरा एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून अंडी तिथेही पोचतात. गर्भनलिकांजवळ सूज राहिली तर वंध्यत्व येतं, गर्भ नळीत अडकण्याचा धोका वाढतो. गर्भाशयमुखावर अंडी अडकली तर तिथली नाजूक त्वचा जराशा स्पर्शानेही रक्ताळते.

जर्मन डॉक्टर थिओडोर बिल्हार्झ यांनी कैरोमध्ये 1851 साली शवविच्छेदन करताना हा कृमी पाहिला. 1899 मध्ये फ्रँक मॅडन यांनी इजिप्तमधल्याच एका तरुण स्त्रीच्या योनिमार्गातल्या बिल्हार्झियाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. म्हणजे वैद्यकाला हे ठाऊकच नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण पुढची अनेक दशकं हा आजार ‘लघवीतून रक्त जाण्याचा’ म्हणूनच पाठ्यपुस्तकांत राहिला. मोजणी झाली ती शाळकरी मुलांच्या लघवीतल्या अंड्यांची. बायकांची आतून तपासणी करायची तर वेळ हवा, आडोसा हवा, योनिमार्ग उघडा धरणारं स्पेक्युलम हवं, आणि तपासणाऱ्याला काय शोधायचं ते माहीत हवं. शिवाय ज्या बाईच्या जननमार्गात अंडी आहेत तिच्या लघवीत ती सापडतीलच असं नाही. लघवी स्वच्छ, म्हणून आजार नाही, हा निष्कर्ष कितीतरी जणींना भोवला.

मराठी वाचकाला हा सगळा मामला दूरदेशीचा वाटेल. पण या आजाराच्या जागतिक नकाशावर भारतातलं एकच ठळक नाव येतं आणि ते आपल्या कोकणातलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले आणि गाडगीळ व शहा या संशोधकांनी 1952 मध्ये त्याची नोंद केली. आफ्रिकेतली बुलिनस गोगलगाय तिथे नव्हती. संशय गेला फेरिसिया टेन्युइस या शिंपीसारख्या चपट्या गोगलगायीवर. आजार त्या भागापलीकडे पसरला नाही आणि पुढे मावळला. भारतात आज तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न नाही. 

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. आतून पाहिलं तर काय दिसतं?

गर्भाशयमुख पाहण्याचं कॉल्पोस्कोप नावाचं उपकरण हान्स हिन्सेलमान या जर्मन डॉक्टरांनी 1925 च्या सुमारास तयार केलं. दिवा आणि भिंग एकत्र असलेलं हे यंत्र शरीराबाहेरच राहतं आणि आतलं दृश्य दहा-पंधरा पट मोठं करून दाखवतं. निरोगी गर्भाशयमुख गुलाबी, ओलसर, चकचकीत दिसतं. अंडी अडकलेली असतील तर त्या गुलाबीवर कुठे तरी पिवळसर छटा उमटते. नीट निरखलं तर त्या छटेत अगदी बारीक कण दिसतात: मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढे लांब, त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे रुंद, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचे, पृष्ठभागाखाली रुतलेले. हे ‘कणीदार वाळूचे डाग’. कधी कण वेगळे दिसतच नाहीत, नुसता एकसारखा पिवळा पट्टा असतो. डागांच्या आसपास रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या होतात, वळसे घेतात, एकाएकी जाड होतात. चौथी खूण म्हणजे रबरासारखे छोटे उंचवटे. मादागास्करमधल्या स्त्रियांमध्ये त्यांचं सविस्तर वर्णन झालं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये या चारही खुणांची छायाचित्रं देणारा एक खिशात मावेल असा चित्रसंग्रह काढला. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातलं ते सर्वांत उपयोगी पुस्तक आहे, कारण खेड्यातल्या नर्सच्या हातात ते प्रथमच ‘हे असं दिसतं’ असं सांगणारं काही देतं.

पण चित्रसंग्रह हातात असूनही घोळ मिटत नाही. पिवळं दिसणारं सगळंच शिस्टोसोमाचं नसतं. घट्ट स्राव पिवळा दिसतो, पू पिवळा दिसतो. गर्भाशयमुखावर नाबोथच्या गाठी म्हणून अगदी निरुपद्रवी गाठी असतात, त्याही पिवळसर. वाकड्या रक्तवाहिन्या कर्करोगाच्या पूर्वअवस्थेतही असतात. एकच छायाचित्र दोन अनुभवी तज्ज्ञांना दिलं तर एक ‘आहे’ म्हणतो, दुसरा ‘नाही’. जांबियात हाती धरण्याच्या कॉल्पोस्कोपने काढलेल्या छायाचित्रांवर तज्ज्ञांचं मत घेतलं तेव्हाही एकमत फार थोडं निघालं. तज्ज्ञही मुळात मोजकेच, आणि ते खेड्यात नाहीत.

या कामाला निकड आली ती एचआयव्हीमुळे. नॉर्वेच्या डॉक्टर आयरुन केत्लांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंबाब्वेच्या ग्रामीण भागातल्या स्त्रियांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या जननमार्गात हा आजार होता त्यांच्यात एचआयव्ही असण्याची सांख्यिकी शक्यता (ऑड्स) इतरांच्या जवळजवळ तिप्पट होती. रक्ताळणारी, सुजलेली त्वचा विषाणूला वाट देत असावी, ही त्यामागची उपपत्ती. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हा संबंध तितका ठळक दिसला नाही आणि वाद अजून चालू आहे. पण त्या एका अभ्यासाने बिल्हार्झिया लघवीच्या बाटलीतून बाहेर काढून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या टेबलावर आणला. त्यानंतर ओस्लो आणि डर्बन इथल्या संशोधकांनी क्वाझुलू-नातालच्या ग्रामीण शाळांतल्या 16 ते 22 वयाच्या तरुणींची तपासणी केली आणि कॉल्पोस्कोपच्या छायाचित्रांचा मोठा साठा तयार झाला. सिग्वे होल्मेन आणि सहकाऱ्यांनी त्या साठ्यावर संगणक चालवला आणि 2015 मध्ये निष्कर्ष छापले. शोधनिबंधाच्या मथळ्यातच त्यांनी याला ‘पहिलं पाऊल’ म्हटलं आहे. हा नेमस्तपणा मला आवडला.

संगणकाला डाग दिसत नाही, आकडे दिसतात. छायाचित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येकी 0 ते 255. गुलाबी त्वचेच्या ठिपक्यात लाल चढा असतो, हिरवा आणि निळा त्याखाली जवळजवळ असतात. पिवळेपणा आला की हिरवा वर सरकतो आणि निळा खाली जातो. म्हणजे ‘हे जरा पिवळट वाटतं’ या डॉक्टरच्या मनातल्या भावनेला मोजता येणारं रूप मिळतं. किती पिवळं, किती जागेवर, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा किती वेगळं, हे सगळं आकड्यात सांगता येतं. आज दमलेल्या डोळ्यांनी एक आणि उद्या ताज्या डोळ्यांनी दुसरं, असं होत नाही. त्याच छायाचित्राला तेच उत्तर हजार वेळा मिळतं.

ऐकायला सोपं आहे, करायला नाही. पहिली अडचण उजेडाची. दिव्याचा झोत मधोमध प्रखर आणि कडेला मंद, त्यामुळे कडेची निरोगी त्वचाही काळपट-पिवळी दिसते. एका कॅमेऱ्यात दिवा थोडा पिवळा, दुसऱ्यात निळसर. म्हणून कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय हे शिकवावं लागतं आणि पिवळेपणा नेहमी शेजारच्या त्वचेशी ताडून बघावा लागतो. दुसरी अडचण ओलाव्याची. ओल्या पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं. तिथले ठिपके शुभ्र होतात, तिन्ही आकडे 255 ला टेकतात आणि खाली काय आहे ते कळत नाही. असे ठिपके शोधून गाळावे लागतात. स्पेक्युलमच्या धातूची कड, कापसाचा बोळा, स्रावाचा धागा, यांतलं काहीही चौकटीत असेल तर तेही वगळायचं. निदानाच्या आधीचं हे झाडलोटीचं कामच मोठं, आणि बातम्यांत त्याचा उल्लेख कधीच येत नाही.

रक्तवाहिन्यांसाठी युक्ती वेगळी. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, म्हणून छायाचित्रातला फक्त हिरव्याचा आकडा घेतला तर वाहिन्या गडद रेघांसारख्या उठून दिसतात. मग रेघेची प्रत्यक्ष लांबी मोजायची, तिच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजायचं आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. सरळ वाहिनीसाठी उत्तर एकच्या आसपास, वळशावळशाच्या वाहिनीसाठी त्याहून बरंच मोठं. वाकडेपणाही असा मोजता येतो.

रंगावर आधारलेली पद्धत आणि तज्ज्ञांचा निर्णय बऱ्याच छायाचित्रांत जुळले, सगळ्या नाही. पण इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे: चूक कोणाची होती हे कसं ठरवायचं? गर्भाशयमुखाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली अंडं सापडलं तर खात्री पटते, पण तुकडा नेमका अंड्याच्या जागेवरून काढला गेला नसेल तर आजार असूनही काही सापडत नाही. शिवाय एचआयव्ही पसरलेल्या भागात तरुणीच्या गर्भाशयमुखावर जखम करायची का, हा नैतिक पेच आहेच. योनिमार्ग धुतलेल्या पाण्यात कृमीचा डीएनए शोधता येतो; पण अंडी जुनी होऊन कॅल्शियमने कडक झाली असतील तर डाग दिसतो आणि डीएनए मिळत नाही. निर्विवाद कसोटी नाही. म्हणून संगणकाला शिकवताना ‘हे आजाराचं, हे निरोगी’ असे शिक्के मारतो तो तज्ज्ञच, ज्यांचं आपापसांत एकमत होत नाही त्यांच्यापैकीच एक. यंत्र त्याची नजर उचलतं, तिच्यातल्या उणिवांसकट. ज्यांना कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे तज्ज्ञांना पर्याय वाटतो, त्यांनी ही गोष्ट शांतपणे समजून घ्यावी.

दुसरा धडा कर्करोगाच्या क्षेत्रातून मिळाला. कोस्टारिकातल्या ग्वानाकास्ते भागात नऊ हजारांहून अधिक स्त्रियांची वर्षानुवर्षं जपलेली छायाचित्रं घेऊन अमेरिकी संशोधकांनी 2019 मध्ये एक संगणकप्रणाली जाहीर केली. कर्करोगाची पूर्वअवस्था ओळखण्यात ती तज्ज्ञांनाही मागे टाकत होती. सगळीकडे तिचा गाजावाजा झाला. पण ती छायाचित्रं एकाच प्रकारच्या कॅमेऱ्याची होती. दुसऱ्या उपकरणांनी काढलेली छायाचित्रं समोर आली तेव्हा तेवढ्या भरवशाचं उत्तर मिळेना. शिस्टोसोमाच्या बाबतीत तर नऊ हजारांचा असा साठाही नाही. क्वाझुलू-नातालची छायाचित्रं घेऊन शिकलेला संगणक मादागास्करमध्ये किंवा मलावीत चालेलच, असं गृहीत धरता येत नाही. ते तिथल्या बायकांच्या छायाचित्रांवरच तपासून पाहावं लागेल.

याचा अर्थ हे सगळं व्यर्थ आहे का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या मुंबईत आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक मोठा प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना शिकवलं, की गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. दर दोन वर्षांनी तपासणी. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले, असं 2014 मध्ये शोधनिबंधात छापून आलं. डॉक्टर नसलेल्या बायकांनी, उघड्या डोळ्यांनी, पण काय शोधायचं ते नीट शिकून आणि सतत देखरेखीखाली केलेलं हे काम होतं. पाहायला शिकवता येतं आणि पाहणाऱ्याच्या चुका तपासता येतात, हे त्यातून सिद्ध झालं. बिल्हार्झियात संगणकाची जागा मला तिथे दिसते: खेड्यातल्या नर्सच्या शेजारी, ‘इथे पुन्हा बघ’ असं सांगणारा. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत कर्करोगाच्या तपासणीसाठी बायकांची आतून तपासणी होतेच. त्याच वेळी, त्याच छायाचित्रात पिवळे डागही पाहिले तर वेगळी मोहीम उभारावी लागणार नाही. जांबियात हाती धरण्याचा, मोबाइलला जोडलेला कॉल्पोस्कोप सुईणी आणि नर्स वापरू लागल्या आहेत. त्याच भेटीत बायका स्वतः स्रावाचा नमुना घेतात आणि त्यात कृमीचा डीएनए शोधला जातो. छायाचित्र आणि नमुना एकमेकांना ताडून पाहण्याची ही वाट मला सर्वांत भरवशाची वाटते.

एक गोष्ट मात्र कॅमेरा कधीही करू शकणार नाही. या आजारावर प्राझिक्वांटेल नावाचं औषध आहे. वजनाच्या प्रत्येक किलोला 40 मिलिग्रॅम, एकदाच. ते प्रौढ कृमी मारतं. पण मांसात रुतलेली अंडी जागच्या जागी राहतात आणि मोठ्या वयात डाग व वाकड्या वाहिन्या औषधानंतरही बहुधा तशाच दिसतात. झिंबाब्वेच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना लहानपणी किंवा विशीच्या आत औषध मिळालं होतं त्यांच्यात डागांचं प्रमाण कमी होतं. म्हणजे औषधाची खरी वेळ दहा-बारा वर्षांच्या मुलीची आहे. आणि नेमक्या त्याच मुलीची आतून तपासणी करता येत नाही, करूही नये. जिचा सर्वाधिक फायदा व्हायचा तिचं छायाचित्र कधीच निघणार नाही. म्हणून आजार पसरलेल्या भागात मुलींना तपासणीची वाट न पाहता शाळेत गोळ्या द्यायच्या, हेच धोरण बरोबर आहे. औषध कंपनी मर्क 2007 पासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत या गोळ्या मोफत पुरवते आणि त्या मुख्यतः शाळकरी मुलांना मिळतात. शाळा सोडलेली, घरी पाणी भरणारी मुलगी त्यातून सुटते. संगणकाच्या प्रयोगांवर खर्च व्हावा, जरूर व्हावा. पण तिच्यापर्यंत गोळी पोचवण्याचा पैसा त्यासाठी कापला जाता कामा नये.

शेवटी, नोकरी-धंद्यानिमित्त आफ्रिकेत राहून आलेल्या मराठी कुटुंबांना एक विनंती. मलावीसारख्या सरोवरात, नदीत किंवा धरणाच्या पाण्यात तुम्ही किंवा तुमच्या मुलींनी कधी अंघोळ केली असेल, पोहला असाल, आणि आता लघवीत रक्त, अंगावरून जाणं, संबंधानंतर रक्त किंवा मूल न राहणं असा काही त्रास असेल, तर इथल्या डॉक्टरांना तसं सांगा. भारतात हा आजार जवळजवळ नसल्यामुळे तो त्यांच्या मनात आपोआप येणार नाही. लघवीतली अंडी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान सर्वांत जास्त उतरतात, म्हणून नमुना त्या वेळेत द्या. आणि लघवी स्वच्छ निघाली तरी तेवढ्यावर थांबू नका. रक्ताची चाचणी आणि आतून तपासणी करायला सांगा. कोणत्या देशात, कोणत्या पाण्यात आणि कोणत्या वर्षी उतरला होतात, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.